भागाआत्यानं घासलेली कुकरी

आमच्या घरात भाजी चिरायला एकच विळी होती आणि तिचंही पातं हलायचं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं रामायण त्या विळीपायी घडलं. बाकी घरात धारदार वस्तूंची टंचाई होती असं मुळीच समजू नका. दिवाणाखाली एक लोखंडी पेटी होती आणि तिच्यात कट्यारी, खंजीर, जंबिये, बिचवे, पलटणीतल्या संगिनी असे सगळे दाटीवाटीनं निजलेले असायचे. एखादा किल्ला लढवायचा म्हटलं असतं तर आमच्या नागपुरातल्या पाचपावलीच्या दोन खोल्यांतून तो लढवता आला असता. पण त्यातल्या एकानंही कधी कांदा चिरायचा नाही, असा बाबांचा दंडक होता. आई म्हणायची, "बाहेरच्या लोकाइले सुऱ्या वाटत फिरते अन् घरात माह्या बोटावर विळी पडते."

सुऱ्या वाटत फिरण्याची गोष्ट खरी होती. बाबा वीज खात्यात मीटर रीडर होते. जिथे लोक पाहुण्यालाही नेत नाहीत तिथपर्यंत मीटर रीडरला जाता येतं. मीटर जिन्याखाली असतो, कोठीच्या खोलीत असतो, न्हाणीच्या दाराआड असतो, आणि नेमकं तिथेच लोक घरातलं नकोसं सामान कोंबून ठेवतात. बाबा हातानं आकडा टिपायचे आणि डोळ्यांनी खुंट्या, कोनाडे, माळे चाळायचे. महाल भागातल्या एक काकू चुलीतली लाकडं ज्यानं पुढे सारायच्या ती साधी सळई नसून गोऱ्या फौजेतली संगीन आहे, हे बाबांनी असंच मीटर बघता बघता ओळखलं. "काकू, हे मले द्या, मी तुम्हाले नवा चिमटा अन् नवी सुरी देतो." काकूंना वाटलं, बिचारा उन्हातान्हात फिरून बिघडला. सायकलला लावलेल्या थैलीत बाबा नव्या कोऱ्या सुऱ्या ठेवायचेच. अशा रीतीनं अर्ध्या नागपूरच्या भाज्या बाबांच्या सुऱ्यांनी चिरल्या जात होत्या आणि आमच्या घरी ती हलती विळी होती. आता माझ्या लेकीच्या घरी भाजी चिरलेली, पाकिटात बंद होऊन येते. नातीला विळी दाखवली तर ती तिचा फोटो काढून मैत्रिणींना पाठवते.

आईचा खरा राग विळीवर नव्हता. आमचं बौद्धाचं घर. भिंतीवर भगवान बुद्धाची तसबीर, रोज सांजेला वंदना. आई म्हणायची, "तोंडानं म्हणायचं पाणातिपाता, जीव घेनार नाही, अन् दिवाणाखाली कट्यारी! भंतेजी आले अन् त्याईचा पाय लागला पेटीले, त काय सांगाल?" बाबांचं उत्तर ठरलेलं होतं. "अवं, ह्या बाहेर असत्या त कोनाच्या पोटात गेल्या असत्या. मी त्याईले पेटीत आनून शांत करून राह्यलो." हे ते इतक्या गंभीरपणे म्हणायचे की आईला हसू आवरायचं नाही, आणि एकदा हसली की भांडण संपायचं.

रविवारी सकाळी पेटी उघडायची. मी तेव्हा अकरावीत होते आणि बाबांची मदतनीस मीच, कारण धाकटे दोघे भाऊ पेटीच्या वाऱ्यालाही उभे करायच्या लायकीचे नव्हते. अंगणात बाज टाकायची, तिच्यावर जुनी चादर, चादरीवर एकेक हत्यार. शिवणाच्या मशीनचं तेल, मलमलचा तुकडा, आणि हात लावायचा तो फडक्यातूनच, कारण माणसाच्या बोटांचा घाम लोखंडाला खातो. त्या तेलाचा वास आणि आतून येणारा आईच्या फोडणीचा वास हा माझा रविवार. आजही मशीनच्या तेलाची कुपी उघडली की मला उगाच भूक लागते. पात्यावरचे काळपट डाग दाखवून बाबा सांगायचे, "शोभे, ह्याले गंज नाही म्हनायचं. हे त्याचं वय आहे. हे घासलं की हत्यार मेलं." मी मान डोलवायची. पुढे कॉलेजात माझ्या एका मैत्रिणीनं चेहऱ्याला मलम लावून डाग घालवले, तेव्हा मी तिला अगदी मनापासून म्हटलं होतं, "तुझं वय गेलं गं." ती बरेच दिवस बोलली नाही माझ्याशी.

सगळ्या पेटीत एकच वस्तू विकत आणलेली किंवा बदल्यात मिळवलेली नव्हती. ती म्हणजे आजोबांची कुकरी. आजोबा पलटणीत हवालदार होते, ब्रह्मदेशात लढून आले होते, आणि तिथल्या एका गुरखा सोबत्यानं निरोपाला दिलेली कुकरी कमरेला लावून घरी परतले होते. मी त्यांना पाहिलं नाही. ते गेले तेव्हा कुकरी बाबांच्या वाट्याला आली आणि बाबांचं हे वेड तिथूनच सुरू झालं. काळी कुळकुळीत होती ती. बाकीच्या हत्यारांना तेल लागायचं, हिला तेही नाही. बाबा ती नुसती उघडायचे, बघायचे आणि परत गुंडाळायचे.

गावात जुनी शस्त्रं जमवणाऱ्या मंडळींचा एक गट होता. बाबा एकदा मोठ्या उत्साहानं त्यांच्या बैठकीला गेले. तिथे सगळे खानदानी. कुणाकडे पणजोबांची तलवार, कुणाकडे खापरपणजोबांची ढाल. एका गृहस्थांनी विचारलं, "आपल्या घराण्यात कोण सरदार होते?" बाबा म्हणाले, "मी स्वतः मीटर रीडर आहे." ते हे घरी येऊन हसत हसत सांगत होते, पण आई हसली नाही. तिनं त्यांच्या पानात न विचारता आणखी एक भाकर वाढली. त्यानंतर बाबांच्या मनानं एकच धरून ठेवलं. कधीतरी ह्या लोकांच्या प्रदर्शनात आपल्या बापाची कुकरी लागावी, काचेमागे, आणि खाली त्याचं नाव असावं. दुसरं काही नको होतं त्यांना. ते हे फार वेळा बोलायचे नाहीत, पण मला ठाऊक होतं, कारण चिठ्ठीवर नाव कसं लिहायचं ते त्यांनी माझ्याकडून सुवाच्य अक्षरात कितीदा तरी लिहून घेतलं होतं.

आणि त्या वर्षी खरंच योग आला. त्या गटाचे प्रमुख एक निवृत्त मेजर होते. प्रदर्शन भरणार होतं, आणि त्यांनी निरोप पाठवला की दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन तुमच्या वस्तू बघतो, विशेषतः ती ब्रह्मदेशातली कुकरी. बाबांनी निरोप आणणाऱ्या शिपायाला दोनदा चहा पाजला.

आता दसरा म्हणजे आमच्या घरी काय असायचं, ते नागपूरच्या माणसाला सांगायला नको. दीक्षाभूमीला जायला गावोगावचे लोक यायचे आणि प्रत्येकाचा नागपुरात एक तरी नातेवाईक असतोच. उमरेडहून, भिवापूरहून, कळमेश्वरहून एसटी भरभरून माणसं उतरायची. पांढऱ्या साड्या, निळे झेंडे, डोक्यावर गाठोडी, कडेवर पोरं, आणि दारात आल्याबरोबर मोठ्यानं "जय भीम!" अंगणात, ओसरीवर, गच्चीवर, जिथे जागा दिसेल तिथे माणूस. रस्त्यावरच्या भोंग्यातून दिवसभर गाणी, आणि चुलीवर एक हंडा उतरला की दुसरा. ह्या पाहुण्यांची एक रीत होती आणि ती अजूनही आहे: आयतं कुणी खायचं नाही. बायका आल्या आल्या पदर खोचायच्या आणि हाताला लागेल ते काम उचलायच्या. कोण भांडी घासतंय, कोण पीठ मळतंय, आईला स्वतःच्या घरात उभं राहायला जागा उरायची नाही.

ह्या सगळ्यांची सेनापती माझी भागाआत्या. बाबांची थोरली बहीण, त्यांच्याहून बरीच मोठी, भिवापुरात दिलेली. काळी, उंच, आवाज असा की भोंगा तिच्यापुढे लाजावा. जन्म मिरच्यांच्या शेतात गेला होता, त्यामुळे तिखट म्हणजे काय हेच तिला कळत नसे. येताना ती गाठोडंभर हिरव्या भिवापुरी मिरच्या आणायची आणि आमच्या गल्लीतले सगळे शिंकायला लागले की लोक ओळखायचे, भागाबाई आल्या. त्या वर्षी तिचा गुडघा धरला होता. दसऱ्याला आम्ही सगळे दीक्षाभूमीला निघालो तेव्हा ती म्हणाली, "मी नाही येत बाप्पा गर्दीत. मी रांधून ठेवतो. तुम्ही या भुकेले होऊन." निघण्याआधी बाबांनी कुकरीसकट सगळ्या हत्यारांना ऊन दाखवायला ती बाजेवर मांडली होती. पावसाळ्याची ओल निघायला हवी होती ना, मेजरसाहेब येणार होते. "ताई, याईच्याकडे लक्ष ठेव, पोट्टे हात लावतीन," असं ते बजावून गेले. आत्यानं लक्ष ठेवलं. फारच ठेवलं.

आम्ही दुपार कलल्यावर धुळीनं माखून परतलो. घरभर लाल कोहळ्याच्या भाजीचा घमघमाट सुटला होता. चुलीपाशी आत्या, तिच्यासमोर अर्धं कोहळं, आणि त्या कोहळ्यात रुतून बसलेलं एक असं लखलखीत पातं की उन्हाची तिरीप त्याच्यावरून उडून छपरावर नाचत होती. मी पहिल्यांदा ते सुंदरच म्हटलं मनात. मग त्याचा बाक ओळखला. आजोबांची कुकरी! मागे बघितलं तर बाबा दारातच थांबले होते.

"आला का गा? बस, जेवून घे," आत्या म्हणाली. "तुही विळी तुटली सकाळीच. अन् तिकडं बाजेवर एवढे चाकू पडून राह्यले, एकाले धार नाही की चमक नाही. ही आपल्या बाबाची कुकरी तेवढी कामाची. पन काय हाल केले गा तिचे! चिंच लावली, राख लावली, विटकरीचा चुरा लावला, तवा कुठं उजेडात आली."

बाबा दारातून मागे वळले. ते बाजेवर जाऊन बसले. आईनं ताट नेऊन दिलं तर त्यांनी ते मांडीवर घेतलं आणि भाजीकडे बघत राहिले. शेवटी म्हणाले, "ताई, तुले काय सांगू. त्याचं वय होतं ते. सारं वय घासून टाकलं तू."

"कशाचं वय?" आत्या उठून अंगणात आली, हात कोहळ्यानं भरलेले. "बाबा होता तवा दर रविवारी घासत होता तिले. आरशावानी होती. मी तोंड पाह्यलं आहे तिच्यात. बाबा गेला अन् तू पेटीत टाकली, तवापासून काळी पडली ते. अन् माह्या बापाची कुकरी मी नाही घासाची, त कोनं घासाची?" तिचा आवाज शेवटी जरा फाटला. मग तिला स्वतःचाच राग आला असावा, कारण ती आत गेली आणि कोणाच्या तरी पोराला विनाकारण ओरडली. त्या संध्याकाळी घरात इतकी माणसं असूनही दोघं बहीणभाऊ एकमेकांच्या वाटेला गेले नाहीत. मला दोघांचंही वाईट वाटत होतं आणि भाजी मात्र अप्रतिम झाली होती. मी दोनदा घेतली.

सकाळी पाहुणे परतीला निघायचे होते. त्यांच्या वाटेसाठी भाकरी आणि ठेचा, हे आत्याचं खातं. विळी तुटलेलीच, आणि कुकरी बाबांनी चुलीपाशीच राहू दिली होती. बाबा बाहेर ओसरी झाडून घेत होते, खुर्चीवर चादर टाकत होते, सतरंजीवर उरलेली हत्यारं ओळीनं मांडत होते. मधूनच थांबून म्हणायचे, "शोभे, काय सांगू वं त्याईले?" तेवढ्यात मेजरसाहेबांची स्कूटर दारात आली, ठरल्या वेळेच्या आधीच, फौजी माणसं येतात तशी. पांढरीशुभ्र मिशी, इस्त्रीचा शर्ट. त्यांनी चहाला हातही लावला नाही आणि म्हणाले, "आधी ती कुकरी दाखवा. त्यासाठीच आलोय मी."

बाबा आत गेले. आत आत्या त्याच कुकरीनं मिरच्या बारीक चिरत होती. तिनं भावाचं तोंड बघितलं, पातं पदराला पुसलं आणि पुढे केलं. बाबा ते घेऊन बाहेर आले.

मेजरसाहेबांनी कुकरी हातात घेतली, उजेडात धरली आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "अरेरे! हे काय केलंत? कोणी घासली ही?" पण सवयीनं त्यांचा अंगठा धारेवरून फिरलाच, पात्याच्या पोटावरून, मुठीजवळच्या खाचेतून, अगदी हळुवार. मग नीट बघावं म्हणून त्यांनी चष्मा काढला आणि त्याच अंगठ्यानं डोळा चोळला.

पुढचं दृश्य मी अजूनही विसरलेले नाही. ब्रह्मदेशातला शत्रू ह्या कुकरीला घाबरला असेल नसेल, पण मेजरसाहेब खुर्चीसकट उठले. "पाणी! पाणी!" असं म्हणत ते अंगणात गोल फिरले, दुसरा डोळाही चोळला, मग तर त्यांना दिशाच कळेना आणि ते थेट तुळशीच्या... नाही, आमच्याकडे तुळस कुठली, आईच्या कोथिंबिरीच्या कुंडीत जाऊन बसले. पाहुण्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या. बाबा गारठून उभे. आत्या गुडघा विसरून धावत आली, "नोका चोळू, नोका चोळू बाप्पा!" म्हणत तिनं साहेबांचं डोकं काखेत धरलं आणि माझ्याकडून दुधाची वाटी घेऊन फडक्यानं डोळ्यांवर दूध लावायला लागली. आख्ख्या पलटणीला हुकूम देणारा तो माणूस तिच्या काखेत मुकाट होता.

थोड्या वेळानं ते खुर्चीवर बसले, डोळे टोमॅटोसारखे लाल. भला माणूस होता. चिडला नाही. "मिरची कुठली?" एवढंच विचारलं. "भिवापूरची," आत्या म्हणाली. त्यांनी मान डोलावली. मग बाबांकडे वळून हळूच म्हणाले, "हे बघा, तुम्ही निराश होऊ नका. माझ्याकडे एक रसायन आहे. आठवडाभर माझ्याकडे ठेवा, ही परत काळी करून देतो. कुणाला कळणार नाही. प्रदर्शनात लावू, तुमच्या वडिलांचं नाव घालू."

बाबांचा चेहरा उजळला. इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते कोथिंबिरीच्या कुंडीतून उठून समोर बसलं होतं. त्यांनी हात पुढे केला, कुकरी कागदात गुंडाळायला. मला म्हणाले, "शोभे, कागद आन."

"पुन्हा काळी करन म्हनते का हा?" आत्या उंबऱ्यातून म्हणाली. ती ओरडली नाही, म्हणून सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. "कर गा. तुही मर्जी. पन एक सांगून ठेवतो. तू जन्मला तवा सुईनीजवळ विळा नव्हता. बाबानं ही कुकरी घासली, उकळत्या पान्यात टाकली अन् देल्ली. तुही नाळ यानंच कापली. मी होती तिथं, पानी मीच तापवत होती. घासली होती म्हनून जगला तू. काळी असती त धनुर्वात झाला असता तुले."

बाबांना हे माहीत नव्हतं. कोणीच सांगितलं नव्हतं, आजीनं नाही, आजोबांनी नाही. ते तसेच कुकरीकडे बघत राहिले. मग त्यांनी ती उचलली, फडक्याशिवाय, उघड्या हातानं, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं बोट पात्याला लागलेलं पाहिलं. त्यांचे डोळे भरले. मिरचीमुळे, असं ते नंतर सांगायचे. आम्हीही मानायचो.

"साहेब," ते म्हणाले, "लावाची असन त अशीच लावा. नाही त राहू द्या."

मेजरसाहेबांनी मघाचा गार झालेला चहा उचलून संपवला. त्यांच्या गटातले लोक काय म्हणतील ह्याचा हिशोब करत असावेत. शेवटी खिशातून पेन काढलं. "बरं. चिठ्ठीवर काळ काय लिहू? एकोणिसावं शतक, विसावं शतक, असं लिहावं लागतं."

"सध्या वापरात आहे, म्हनून लिहा," बाबा म्हणाले.

आणि तसंच लिहिलं. प्रदर्शन भरलं तेव्हा आम्ही सगळे गेलो. भागाआत्या भिवापूरहून मुद्दाम सकाळच्या एसटीनं आली, नवी साडी नेसून. दालनात रांगेनं काचेची कपाटं, आत सगळी काळी, तपकिरी, गंभीर हत्यारं, आणि मधोमध एकच पातं चमकत होतं. लोक दुरूनच तिकडे वळायचे. ते खानदानी गृहस्थही वळले, चिठ्ठी वाचली, बाबांकडे बघितलं आणि ह्या खेपेला घराणं विचारलं नाही. मी आत्याला चिठ्ठी मोठ्यानं वाचून दाखवली. "हवालदार दौलत मेश्राम यांची कुकरी. सध्या वापरात." आत्यानं बापाचं नाव परत एकदा वाचायला लावलं. मग नाक काचेला टेकवून ती आत बराच वेळ बघत राहिली. बाबा तिच्या शेजारी उभे होते, छाती फुगवून, आता ती काय बोलते त्याची वाट बघत.

"मुठीपाशी जराक काळं राह्यलं गा," आत्या म्हणाली. "चावी कोनापाशी आहे याची?"

आणि बाबा चावी मागायला गेले.